गिऱ्हाईक यायच्या आधी चाचणी: रेकॉर्डिंगच्या कॉम्प्युटरवर कमी लेटन्सीचा लिनक्स कर्नल बसवणं आणि तपासणं

आजचा विषय थोडा तांत्रिक आहे. पण ज्यांना आपल्या तालुक्याच्या गावात छोटा रेकॉर्डिंगचा धंदा सुरू करायचाय, त्यांच्यासाठी हा थेट पैशाचा विषय आहे. व्हिडिओत टर्मिनलमधल्या ओळी स्क्रीनवर थांबवून दाखवल्या आहेत. इथे लिहितोय ते म्हणजे काय करायचं, का करायचं आणि कुठे थांबायचं. दोन्ही सोबत ठेवा.

आधी माझी फजिती

श्रीगोंद्यात दुकानाच्या मागच्या खोलीत मी छोटं रेकॉर्डिंग सुरू केलं तेव्हा काम होतं जाहिरातींचं. शनिवारी काष्टीच्या बाजारात फिरणाऱ्या गाडीसाठी आवाज, नवीन दुकानाचं उद्घाटन, शाळेचं स्नेहसंमेलन. माईकसमोर बोलायचं, नंतर मागे संगीत लावायचं, पेन ड्राइव्हवर द्यायचं. जुना डेस्कटॉप, त्यावर लिनक्स, एक साधा यूएसबी ऑडिओ इंटरफेस. सगळं छान चाललं होतं.

मग एक भजनी मंडळ आलं. आपल्याकडे शेख महंमद महाराजांची समाधी आहे, गावोगाव सप्ते होतात, भजन-कीर्तनाला तोटा नाही. त्यांना आठ अभंग हवे होते. आधी पखवाज आणि टाळ रेकॉर्ड करायचे, मग बुवांनी हेडफोन लावून त्यावर गायचं. मी ॲडव्हान्स घेतला आणि तारीख दिली.

बुवांनी पहिली ओळ घेतली आणि हेडफोन काढला. म्हणाले, "अहो, माझाच आवाज मला मागून ऐकू येतोय. आडात तोंड घालून बोलल्यासारखं होतंय." मी सेटिंगमध्ये जाऊन बफर कमी केला. उशीर गेला, पण तडतड सुरू झाली. बफर वाढवला की उशीर, कमी केला की तडतड. दीड तास असाच गेला. पाच माणसं कामधंदा सोडून आली होती. शेवटी मी ॲडव्हान्स परत केला आणि चहा पाजून सगळ्यांना वाटेला लावलं.

पैसे गेले त्याचं एवढं वाटलं नाही. पण ही मंडळी गावात जाऊन काय सांगतील, याचं वाटलं. बीबीएला आम्ही "गुणवत्तेचा खर्च" नावाचा धडा शिकलो होतो: दोष गिऱ्हाइकासमोर सापडला तर तो सगळ्यात महाग पडतो. परीक्षेत लिहिला होता, दुकानात विसरलो.

लेटन्सी म्हणजे नळाखालचा हंडा

माईकमधून येणारा आवाज म्हणजे नळाचं पाणी समजा. नळ बंद होत नाही, धार सारखीच राहते. तुमच्याकडे दोन हंडे आहेत. एक भरतो तोवर दुसरा रिकामा करून परत यायचं. हा हंडा म्हणजे बफर.

हंडा मोठा असेल तर निवांत काम होतं, पण भरेपर्यंत पाणी घरात पोचत नाही. हाच उशीर, म्हणजे लेटन्सी. हंडा लहान असेल तर पाणी लगेच पोचतं, पण तुम्हाला अगदी वेळेवर परत यावं लागतं. वाटेत कोणी गप्पा मारायला थांबवलं की पाणी सांडलं. ते सांडलेलं पाणी म्हणजे तुम्हाला ऐकू येणारी तडतड. लिनक्सच्या भाषेत त्याला "एक्सरन" म्हणतात.

आता आकडे बघा. सेकंदाला ४८,००० सॅम्पल या दराने एक हंडा भरायला लागणारा वेळ असा:

- १०२४ चा बफर: सुमारे २१.३ मिलिसेकंद
- २५६ चा बफर: सुमारे ५.३ मिलिसेकंद
- १२८ चा बफर: सुमारे २.७ मिलिसेकंद
- ६४ चा बफर: सुमारे १.३ मिलिसेकंद

आवाज आत येऊन प्रोसेस होऊन हेडफोनमध्ये जायला असे किमान दोन हंडे धरा. वर यूएसबी आणि इंटरफेसचा थोडा वेळ लागतो, तो वेगळा.

हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे १०२४ च्या बफरवर जो ४३ मिलिसेकंदांचा उशीर होतो, तो कोणी साडेचौदा मीटर लांबून तुमच्याशी बोलावं तेवढा. बुवांचा स्वतःचाच आवाज त्यांना एवढ्या लांबून येत होता. ते ताल कसा धरणार? १२८ वर हेच अंतर दोन मीटरच्या आत येतं. शेजारी बसून गायल्यासारखं.

मग यात कर्नल कुठून आला?

कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. कोणत्या प्रोग्रॅमला प्रोसेसर कधी द्यायचा, हे तो ठरवतो. आपल्या दुकानातला पोऱ्या आठवा. मागे माल मोजत बसलाय आणि काउंटरवर गिऱ्हाईक आलं. "एवढी पेटी मोजून येतो," असं तो म्हणाला तर मोजणी चांगली होते, पण गिऱ्हाईक ताटकळतं. दुसरा पोऱ्या हातातली पेटी तशीच ठेवून आधी काउंटरवर येतो. त्याची मोजणी थोडी लांबते, पण गिऱ्हाईक थांबत नाही.

साधा कर्नल बराचसा पहिल्या पोऱ्यासारखा असतो. रिअल-टाइम कर्नल दुसऱ्यासारखा. हातातलं काम सोडायला लावण्याच्या या गुणाला "प्रीएम्प्शन" म्हणतात.

एक गैरसमज इथेच काढून टाका. रिअल-टाइम म्हणजे वेगवान नव्हे, तर वेळेवर. एसटीचं कसं, गाडी जोरात पळवली म्हणून प्रवाशाचं भागत नाही, ती ठरलेल्या वेळेला स्टँडवर लागली पाहिजे. या कर्नलवर व्हिडिओ एक्सपोर्टसारखी कामं थोडी हळूही होऊ शकतात.

तुम्हाला याची गरज आहे का?

हा प्रश्न आधी विचारा, कारण बऱ्याच जणांना गरज नसते.

- फक्त बोलून रेकॉर्ड करायचं आणि नंतर एडिट करायचं असेल (जाहिरात, पॉडकास्ट, भाषण), तर बफर १०२४ ठेवा आणि कामाला लागा.
- गायकाला त्याचाच आवाज हेडफोनमध्ये हवा आहे, पण कॉम्प्युटरमधला कोणताही इफेक्ट नको, तर इंटरफेसवर "डायरेक्ट मॉनिटर"चं बटण आहे का बघा. ते दाबलं की माईकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाता थेट कानात येतो. खर्च शून्य.
- गायकाला गाताना रिव्हर्ब हवा, कीबोर्ड जोडून कॉम्प्युटरमधली वाद्यं वाजवायची, कार्यक्रमात लाइव्ह आवाज प्रोसेस करायचा, तरच कमी लेटन्सीची खरी गरज आहे.

माझ्या बुवांना रिव्हर्बशिवाय गाणं जमत नव्हतं. म्हणून मला पुढे जावं लागलं.

कर्नलला हात लावण्याआधीचे फुकटचे उपाय

१. तुमच्या युजरला "ऑडिओ" ग्रुपमध्ये घाला आणि त्या ग्रुपला रिअल-टाइम प्रायॉरिटी आणि मेमरी लॉक करायची परवानगी द्या. डेबियन किंवा उबुंटूवर जॅक बसवताना हा प्रश्न विचारला जातो, तिथे "हो" म्हणा. नंतर लॉगआउट करून परत लॉगिन करा. ही परवानगी नसेल तर कितीही भारी कर्नल बसवा, उपयोग नाही.

२. प्रोसेसरचा गव्हर्नर "परफॉर्मन्स"वर ठेवा. लॅपटॉपवाल्यांनी हे विशेष लक्षात ठेवा. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर येतो, वीज वाचवायला प्रोसेसर मंदावतो आणि रेकॉर्डिंगच्या मध्येच तडतड सुरू होते.

३. रेकॉर्डिंगच्या वेळी वायफाय, ब्लूटूथ, ब्राउझर आणि आपोआप होणारे अपडेट बंद ठेवा.

४. ऑडिओ इंटरफेस हबवर लावू नका. कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टला थेट लावा. माझा बिलाचा प्रिंटर आणि इंटरफेस एकाच हबवर होते आणि बिल निघालं की रेकॉर्डिंगमध्ये "टक्" यायचं. पोर्ट बदलला, टक् गेलं.

एवढ्याने काम झालं तर इथेच थांबा. खरंच थांबा. हौस वेगळी आणि धंदा वेगळा.

कर्नलचे तीन रस्ते

*पहिला: आहे तोच कर्नल, फक्त सूचना बदलायची.* अलीकडच्या उबुंटू-डेबियनच्या कर्नलला सुरू होतानाच सांगता येतं की प्रीएम्प्शन "फुल" ठेव आणि हार्डवेअरकडून येणाऱ्या हाका वेगवेगळ्या धाग्यांत चालव. दुसऱ्या सूचनेचं नाव "थ्रेडआयआरक्यूज". ग्रबच्या मेन्यूवर "ई" ही कळ दाबून सूचना लिहिली तर ती त्या एका वेळेपुरतीच लागू होते. जमलं नाही तर रीस्टार्ट करा, सगळं पूर्ववत. आवडलं तर मग ग्रबच्या फाइलमध्ये कायमचं लिहा.

*दुसरा: तयार रिअल-टाइम कर्नल.* डेबियनमध्ये नेहमीच्या कर्नलशेजारीच "आरटी" नावाचं तयार पॅकेज मिळतं. एका ओळीत बसतं आणि पुढचे अपडेटही आपोआप येतात.

*तिसरा: स्वतः बनवलेला कर्नल.* लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स सुरू केला तेव्हापासून त्याचा सोर्स कोड कोणालाही मिळतो. पण पूर्ण रिअल-टाइम हा भाग जवळपास २० वर्षं वेगळा पॅच म्हणून जोडावा लागायचा. १७ नोव्हेंबर २०२४ ला आलेल्या ६.१२ आवृत्तीपासून तो मुख्य कर्नलमध्येच आहे. आता पॅच शोधत बसायला नको, फक्त पर्याय निवडायचा.

स्वतः बनवताना कुठे अडतं

मी दोन रात्री घालवल्या. तुमच्या वाचाव्यात म्हणून क्रमाने सांगतो.

१. गिऱ्हाइकांच्या फाइल्सचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्या. २५-३० जीबी जागा रिकामी ठेवा.

२. कर्नलच्या अधिकृत साइटवरून सोर्स घ्या. बूट फोल्डरमधली सध्याच्या कर्नलची कॉन्फिग फाइल त्यात कॉपी करा. कोऱ्या पानापासून सुरुवात करू नका.

३. मेन्यूमध्ये प्रीएम्प्शन मॉडेल "फुली प्रीएम्प्टिबल, रिअल-टाइम" निवडा. पर्याय दिसला नाही तर आधी "एक्सपर्ट" हा पर्याय चालू करून पाहा. टायमर १००० हर्ट्झवर ठेवा. डीबगची माहिती बंद करा, बरीच जागा वाचते.

४. कॉपी केलेल्या कॉन्फिगमध्ये कंपनीच्या सर्टिफिकेटचा पत्ता असतो. ती फाइल तुमच्याकडे नसते, म्हणून बिल्ड मध्येच थांबतं. ती जागा रिकामी करा. माझी पहिली रात्र यातच गेली.

५. वेळ वाचवायला "सध्या वापरात आहेत तेवढीच मॉड्यूल घे" असा एक पर्याय मिळतो. तो वापरण्याआधी इंटरफेस, प्रिंटर, पेन ड्राइव्ह, सगळं जोडून ठेवा. जे त्या क्षणी जोडलेलं नाही, त्याचा ड्रायव्हर नव्या कर्नलमध्ये येणार नाही.

६. डेबियन पॅकेज बनवा आणि ते बसवा. जुन्या मशीनवर बनायला काही तास लागू शकतात. दुकान बंद झाल्यावर लावा.

७. बायोसमध्ये सिक्युअर बूट चालू असेल तर स्वतः बनवलेला, सही नसलेला कर्नल सुरू होणार नाही. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर त्याचा ड्रायव्हरही रिअल-टाइम कर्नलवर अडू शकतो.

८. जुना कर्नल काढू नका. ग्रबच्या "ॲडव्हान्स्ड" यादीत तो राहू द्या. नवा चालला नाही तर सकाळी दुकान उघडायला तोच कामाला येतो.

चाचणी: सगळ्यात महत्त्वाचा भाग

कर्नल बसला, कॉम्प्युटर सुरू झाला, म्हणजे काम झालं असं नाही. बुवांच्या दिवशीही माझा कॉम्प्युटर सुरूच होता की! एक वही घ्या. प्रत्येक चाचणी आधी जुन्या कर्नलवर आणि मग नव्यावर करा. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहा. जुना आकडाच नसेल तर सुधारणा झाली हे कशावरून म्हणणार?

*चाचणी १: ओळख.* चालू कर्नलची माहिती विचारा. उत्तरात "प्रीएम्प्ट आरटी" दिसलं पाहिजे. बरेच जण नवा कर्नल बसवतात आणि ग्रब जुनाच सुरू करतो.

*चाचणी २: उठायला किती उशीर.* "आरटी-टेस्ट्स" पॅकेजमध्ये सायक्लिकटेस्ट नावाचा प्रोग्रॅम आहे. तो ठरलेल्या वेळेला उठायचं ठरवतो आणि प्रत्यक्षात किती उशिरा उठला ते मायक्रोसेकंदांत मोजतो. अर्धा तास चालवा आणि त्याच वेळी मुद्दाम मशीनवर ताण द्या: मोठी फाइल कॉपी करा, स्ट्रेस-एनजी चालवा. सरासरीकडे बघू नका, "मॅक्स"चा रकाना बघा. सरासरी चांगली असून एकदाच हंडा सांडला तरी अभंग खराब होतो. १२८ च्या बफरला तुमच्याकडे साधारण २,६६७ मायक्रोसेकंद असतात आणि त्यातला बराच वेळ प्रोसेसिंगला लागतो. मी स्वतःसाठी २०० ची रेघ आखली. त्यावर गेलं तर नापास.

*चाचणी ३: खऱ्या कामाची तालीम.* आर्डोर उघडा, जेवढे ट्रॅक तुम्ही लावता तेवढे लावा, रिव्हर्ब चालू करा, बफर १२८ ठेवा आणि रेकॉर्ड दाबा. कीर्तन दोन तासांचं असतं, म्हणून चाचणीही दोन तासांची. जॅक वापरत असाल तर क्यूजॅककंट्रोलमध्ये एक्सरनचा आकडा दिसतो. पाइपवायर असेल तर त्याच्या "टॉप" प्रोग्रॅममध्ये चुकांचा रकाना असतो. जुन्या कर्नलवर माझ्या वहीचं पान भरलं होतं. नव्यावर शून्य आला, पण तो तिसऱ्या प्रयत्नात. पहिल्या दोन वेळा वायफाय बंद करायला विसरलो होतो.

*चाचणी ४: खरा उशीर.* इंटरफेसच्या आउटपुटमधून केबल काढून त्याच्याच इनपुटला लावा. आधी हेडफोन आणि स्पीकर बंद करा. जॅकचं "आयओडिले" नावाचं साधन जाता-येता लागणारा खरा वेळ दाखवतं. सेटिंगमध्ये लिहिलेला आकडा आणि हा आकडा यात फरक असतो. गायकाला लागू होतो तो हा आकडा.

*चाचणी ५: लाइट घालवा.* रेकॉर्डिंग चालू असताना मेन स्विच बंद करा. यूपीएस किंवा इन्व्हर्टरवर जाताना तडतड येते का, फाइल शाबूत राहते का, बघा. आपल्याकडे ही चाचणी महावितरण कधीही घेऊ शकतं, त्यापेक्षा आपणच आधी घेतलेली बरी.

पाचपैकी एकही नापास असेल तर बफर एक पायरी वाढवा आणि परत तपासा. २५६ वर शून्य तडतड ही १२८ वरच्या "बहुतेक चालेल"पेक्षा कधीही चांगली.

आता हिशोब

स्वतः बनवलेला कर्नल माझ्या पाचही चाचण्यांत पास झाला. खूप आनंद झाला. महिन्याभराने सुरक्षेचा अपडेट आला तेव्हा लक्षात आलं की माझ्या कर्नलला तो आपोआप मिळणार नाही. परत सोर्स, परत बिल्ड, परत पाच चाचण्या. कर्नल फुकट होता, पण माझी रात्र फुकट नव्हती.

म्हणून मी डेबियनचा तयार आरटी कर्नल बसवला आणि त्याच वहीतून त्याच पाच चाचण्या केल्या. माझ्या मशीनवर १२८ च्या बफरला तोही पास झाला. आज रेकॉर्डिंगला तोच चालतो. बिलिंगच्या वेळी नेहमीचा कर्नल. ग्रबमध्ये दोन्ही ठेवलेत.

मग दोन रात्री वाया गेल्या का? नाही. पण त्या रात्रींतून मला कर्नलपेक्षा जास्त उपयोगाची गोष्ट मिळाली, ती म्हणजे ही वही. कर्नल बदलला, मशीन बदललं, इंटरफेस बदलला, तरी पाच चाचण्या त्याच. आता अपडेट आला की चाचणी ३ चालवल्याशिवाय मी कोणाला तारीख देत नाही.

आणि बुवांना मी स्वतः जाऊन बोलावलं. म्हटलं, पहिला अभंग माझ्याकडून, पटलं तरच पुढचं बोलू. त्यांनी हेडफोन लावला, आलाप घेतला आणि या वेळी काढला नाही. अभंग संपल्यावर एवढंच म्हणाले, "आता बरोबर कानाशी येतंय." उरलेले सात अभंग त्यांनी पैसे देऊन केले.

गृहपाठ

१. तुमच्या धंद्यातलं असं एक यंत्र किंवा सॉफ्टवेअर निवडा, जे बंद पडलं तर गिऱ्हाइकासमोर मान खाली जाईल. रेकॉर्डिंगच असलं पाहिजे असं नाही. झेरॉक्स मशीन, वजनकाटा, बिलिंग, काहीही चालेल.

२. त्याच्या पाच चाचण्या वहीत लिहा. एक तरी चाचणी "सगळ्यात वाईट दिवसाची" असू द्या.

३. आजचे आकडे आजच लिहून ठेवा, बदल करण्याआधी.

४. बदल फसला तर मागे कसं फिरायचं, ते एका ओळीत लिहा. ती ओळ लिहिता येत नसेल तर तो बदल अजून करू नका.

पुढच्या भागात रेकॉर्डिंगचा दर कसा ठरवायचा ते बघू: तासावर, अभंगावर की पूर्ण कामावर. तोपर्यंत वही घ्या आणि कामाला लागा. भेटू लवकरच!